गॅरेजमधली हत्यारांची ट्रॉली : निवडीच्या प्रश्नाचा आढावा

गॅरेजसाठी लिफ्ट किंवा कॉम्प्रेसर घ्यायचा म्हटले की मालक चार ठिकाणी चौकशी करतो, ओळखीच्या मेस्त्रीला विचारतो, सर्व्हिस कोण देणार याची खात्री करून घेतो. चाकांवरची हत्यारांची ट्रॉली मात्र बहुतेक वेळा रंग, खणांची संख्या आणि किंमत एवढ्यावरच ठरते. खरे तर लिफ्ट एका गाडीसाठी एकदोनदा वरखाली होते, पण ट्रॉलीला दिवसभर दर काही मिनिटांनी हात लागतो. ती चुकीची निवडली गेली तर रोज थोडाथोडा वेळ जातो, हत्यारे हरवतात आणि काही वेळा दुखापतही होते.

या आढाव्यात महाराष्ट्रातली लहान आणि मध्यम गॅरेजे समोर ठेवली आहेत. एका वेळी दोन ते सहा चारचाकी उभ्या राहतील एवढी जागा, तीनचार हात कामाला, आणि अनेकदा जोडीला दुचाकींचे कामही. कंपन्यांची अधिकृत वर्कशॉपे इथे घेतलेली नाहीत, कारण तिथे हत्यारांची यादी आणि मांडणी बरीचशी वरूनच ठरून येते. लहान गॅरेजच्या मालकाला हा निर्णय स्वतः, स्वतःच्या पैशांनी घ्यावा लागतो.

प्रश्न कुठून आला

लोखंडी पेटीवर गॅरेजे चालत होती तो काळ फार जुना नाही. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरला इंची पाने लागत, कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला मिलिमीटरचे. दोन्ही संच, दोन पकडी, हातोडी, छिन्नी, प्लग पाना आणि फीलर गेज एवढ्या ऐवजावर निम्मे काम उरकत असे. पेटी एका हाताने उचलता येई आणि गाडीशेजारी जमिनीवर पोते अंथरून त्यावर हत्यारे मांडली जात.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या दहापंधरा वर्षांत गाड्यांचे प्रकार भराभर वाढले. बॉनेटखालची जागा आवळत गेली. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा अशा दुतोंडी पान्यांच्या जोडीला पाव, तीन अष्टमांश आणि अर्धा इंची रॅचेटच्या गोट्या, लांब एक्स्टेंशन, युनिव्हर्सल जॉइंट, ताऱ्याच्या आकाराचे बिट, प्लॅस्टिकच्या क्लिपा उचकटण्याच्या पट्ट्या असा पसारा जमला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झाल्यावर सेन्सरांची संख्या आणखी वाढली आणि स्कॅनर हे रोजचे हत्यार बनले. पेटी आता उचलण्याजोगी राहिली नाही. तिला चाके लागणे ओघानेच आले.

या बदलाच्या काळात दोन वेगळ्या विचारांची छाप आपल्याकडच्या गॅरेजांवर पडली. एक अमेरिकेकडून आला. १९२० मध्ये मिलवॉकी शहरात सुरू झालेल्या स्नॅप-ऑन कंपनीने एका हँडलला बदलत्या गोट्या बसवण्याची पद्धत रुजवली. तिथे मेकॅनिक आपली हत्यारे स्वतः विकत घेतो, विक्रेत्याची गाडी गॅरेजच्या दारात येते, आणि नोकरी बदलली की माणसाबरोबर त्याची ट्रॉलीही जाते. त्यामुळे तिथली ट्रॉली मोठी, कुलूपबंद आणि एका माणसाच्या मालकीची असते. दुसरा विचार जपानच्या कारखान्यांतून ‘फाइव्ह एस’ या नावाने आला. नको ते काढा, प्रत्येक वस्तूला जागा द्या, स्वच्छता राखा, पद्धत ठरवा, ती पाळा. त्यात ट्रॉली कुणाची हा मुद्दा गौण आहे, वस्तूची जागा पक्की असणे महत्त्वाचे.

आपल्याकडे तिसरीच परिस्थिती आहे. हत्यारे सहसा मालकाची असतात आणि वापर सगळ्यांचा असतो. ट्रॉलीविषयीचे बरेच मतभेद या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

पेटी, भिंतीवरचा बोर्ड की ट्रॉली

पहिला वाद ट्रॉली हवीच का, हा आहे. पेटीच्या बाजूने बोलणारे सांगतात की हायवेवर ब्रेकडाउनला जाताना पेटीच न्यावी लागते, ती स्वस्त आहे आणि जागा अडवत नाही. बोर्डाचे समर्थक भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून त्यावर ते टांगण्याचा आग्रह धरतात. संध्याकाळी शटर ओढताना रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. ट्रॉलीचे समर्थक गाडीपासून भिंतीपर्यंतच्या फेऱ्यांकडे बोट दाखवतात.

पुढच्या ब्रेक पॅडचे साधे काम घ्या. चाकासाठी १९ किंवा २१ ची गोटी आणि लांब दांडा, कॅलिपरच्या बोल्टला बहुधा १२ किंवा १४, पिस्टन मागे दाबायला सी-क्लॅम्प, कॅलिपर होजवर लोंबकळू नये म्हणून टांगायला तारेचा आकडा, वायर ब्रश, ग्रीसची डबी, आणि शेवटी नट आवळायला टॉर्क रेंच. सुटलेले नट आणि जुने पॅड ठेवायलाही जागा हवी. हे सारे एका फेरीत आले तर काम सलग होते, नाहीतर ‘सी-क्लॅम्प आण रे’ अशी हाक मारून हेल्परला पळवत बसावे लागते, आणि त्याचे स्वतःचे काम अर्ध्यावर राहते.

अनुभवी गॅरेजवाले आता या तिघांत निवड करण्याऐवजी वाटणी करतात. रोज लागणारी हत्यारे ट्रॉलीवर, महिन्यातून एकदोनदा लागणारे पुलर आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर बोर्डावर, बाहेरच्या कामासाठी छोटी पेटी वेगळी. ही वाटणी केली की ट्रॉली फार मोठी लागत नाही, आणि पुढची निवड सोपी होते. दोन शटरच्या जागेत मात्र ट्रॉलीच अडचण होऊ शकते. तिथे बोर्ड आणि छोटा चाकांचा ट्रे अधिक उपयोगी पडतो, हे मत सहज खोडता येण्यासारखे नाही.

उघडे ट्रे की बंद खण

बाजारात ढोबळमानाने तीन घडणी मिळतात. दोनतीन उघड्या ट्रेंची ट्रॉली, पाच ते सात खणांचे कॅबिनेट, आणि या दोहोंचा मिलाफ, म्हणजे वर झाकणाचा किंवा उघडा ट्रे, मध्ये खण आणि खाली मोठा कप्पा.

उघड्या ट्रेत सगळे नजरेसमोर असते. तेलाने माखलेल्या हातांनी खण ओढावा लागत नाही, सुटा गिअरबॉक्सचा भागही ठेवता येतो. इंजिनाचे काम करणारे मेस्त्री म्हणूनच ती पसंत करतात. पण ग्राइंडरचा बुरादा, रस्त्यावरची धूळ आणि पावसाची ओल थेट हत्यारांवर बसते, आणि ट्रेचा दोन दिवसांत ढीग होतो. खणांत प्रकारवार मांडणी टिकते, कुलूप लागते. त्याची किंमत म्हणजे दर वेळी उघडझाप आणि ‘कुठल्या खणात?’ हा प्रश्न. खोल खण असले तर तिथेही ढीगच होतो. म्हणून वरचे खण उथळ, साधारण पाच ते सात सेंटिमीटरचे, आणि सगळ्यांत खालचा खोल, ही रचना बहुतेकांना मान्य आहे. पाने आणि गोट्या एकाच थरात मावल्या पाहिजेत.

दुचाकींच्या गॅरेजचा हिशोब वेगळा आहे. रॅम्प नसेल तर मेस्त्री स्टुलावर बसून काम करतो, आणि कंबरेच्या उंचीची ट्रॉली त्याला दर वेळी उठायला लावते. त्याला गुडघ्याच्या उंचीचा, चाकांचा, चुंबकपट्टी लावलेला ट्रे हवा. चारचाकीसाठी बनलेली ट्रॉली दुचाकीच्या गॅरेजात घेऊन ती कोपऱ्यात पडून राहिल्याची उदाहरणे म्हणूनच दिसतात.

चाके आणि फरशी

ट्रॉलीबद्दलच्या सर्वाधिक तक्रारी चाकांच्या असतात, आणि दुकानात सर्वांत कमी पाहिली जातात तीही चाकेच. शोरूमच्या गुळगुळीत टाइल्सवर प्रत्येक ट्रॉली सुरेख पळते. गॅरेजात कोब्याला खड्डे असतात, शहाबादी फरशीला सांधे असतात, दारात शटरची पट्टी असते, बाहेर पेव्हर ब्लॉक असतात, आणि मध्ये कॉम्प्रेसरचा पाइप आडवा पडलेला असतो.

यात व्यासाबद्दल वाद नाही. चाक मोठे तितके ते सांध्यांवरून सहज जाते. १०० मिलिमीटर हे किमान धरावे आणि फरशी उखडलेली असेल तर १२५ चा आग्रह धरावा, असे जाणकार सांगतात. मतभेद आहेत ते चाक कशाचे असावे यावर. नायलॉन कडक असते, तेलाला दाद देत नाही, वजन पेलते, पण खडखडते आणि प्रत्येक सांध्याचा हादरा खणांपर्यंत पोचवते. साधे रबर आवाज करत नाही, पण तेल आणि डिझेलने ते फुगते, मऊ पडते, आणि बराच काळ एका जागी उभे राहिले तर चपटे होते. पॉलियुरेथेन मधला मार्ग आहे, तेलाला पुरते आणि शांत चालते. मात्र लेथ किंवा ग्राइंडरच्या कामाजवळ धातूचे कण त्यात रुतून बसतात. एकूण कल पॉलियुरेथेनकडे आहे, तरी लेथ-ग्राइंडर असलेल्या जागेत नायलॉनवाले आपल्या मतावर ठाम आहेत आणि त्यांचे कारण खरे आहे.

भाराचा हिशोब इथेच करायचा. समजा ट्रॉली ४० किलोची आहे आणि त्यात ६० किलो हत्यारे आहेत. चार चाकांवर प्रत्येकी २५ किलो पडतात असे वाटते. पण असमान फरशीवर एक चाक बऱ्याचदा अधांतरी असते आणि भार तिघांवर येतो, म्हणजे प्रत्येकी ३३ किलोंच्या पुढे. चाक निवडताना एकूण वजनाला तिनाने भागण्याची पद्धत यातूनच आली, आणि हादऱ्यांसाठी त्यावर आणखी मोकळीक ठेवतात.

दोन चाके स्थिर आणि दोन फिरती असली की ट्रॉली सरळ रेषेत जाते, पण दोन गाड्यांच्या अरुंद फटीत वळवताना त्रास होतो. चारही फिरती असली की ती आडवी सरकते, पण उतारावर भरकटते. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून गॅरेजच्या फरशीला अनेकदा उतार दिलेला असतो, आणि काही ठिकाणी गाडीखाली उतरायचा खड्डाही असतो. अशा जागी चाकाचे फिरणे आणि वळणे दोन्ही रोखणारा ब्रेक किमान दोन चाकांना हवा. खड्ड्यात माणूस असताना वरची ट्रॉली सरकली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

पत्रा, वजन आणि तोल

पत्र्याच्या बाबतीत गेजचा आकडा अनेकांना फसवतो, कारण तो जितका मोठा तितका पत्रा पातळ. अठरा गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, वीस गेज सुमारे ०.९. बावीस गेज त्याहूनही पातळ, पाऊण मिलिमीटरच्या आसपास. लोखंडाचा एक मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. त्यामुळे तीन चौरस मीटर पत्रा लागणारे कपाट अठरा गेजमध्ये २८ किलोंच्या आसपास जाते, तर वीस गेजमध्ये २१ च्या. जाड पत्रा टिकतो पण ढकलायला जड पडतो, म्हणून सांगाडा आणि तळ जाड, खण आणि बाजू पातळ अशी विभागणी अधिक शहाणपणाची मानली जाते. पत्र्याच्या कडा आत दुमडलेल्या आहेत का, हे हात फिरवून पाहायचे. कडा दुमडली की मजबुतीही वाढते आणि बोटही कापत नाही.

खण कशावर सरकतो हेही तितकेच निर्णायक ठरते. बॉलबेअरिंगच्या पट्ट्या भरलेला खण शेवटपर्यंत बाहेर आणतात. साध्या घर्षणाच्या पट्ट्या स्वस्त असतात, पण वजन वाढले की अडकतात आणि मागचा भाग आतच राहतो. कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत मात्र बेअरिंगच्या पट्ट्या गंजून अडकल्याची तक्रार येते. तिथे दर पावसाळ्याआधी पट्ट्या पुसून तेल द्यावे लागते. पावडर कोटिंगला चरा पडला की त्याखालून गंज पसरतो, म्हणून चरा दिसताच रंगाचा हात द्यायला हवा.

तोलाचा मुद्दा सुरक्षेचा आहे. जड हातोड्या, जड गोट्या आणि पुलर वरच्या खणांत भरले आणि दोनतीन खण एकदम उघडले, की ट्रॉली पुढे कलंडू शकते. एक खण उघडा असताना दुसरा उघडू न देणारी अडसराची रचना महागड्या कॅबिनेटांत मिळते. घाईच्या कामात ती चिडचिड करायला लावते असे काही मेस्त्री म्हणतात, आणि त्यांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. मांडणी मात्र कुठलीही असो, वजन खाली ठेवण्यावर कुणाचे दुमत नाही.

तयार की फॅब्रिकेटरकडून

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत फेरी मारली तर तयार मालाचा अंदाज येतो. हत्यारांच्या बाबतीत आपल्याकडे जुनी परंपरा आहे. नाशिकच्या तापडिया टूल्सने १९६९ मध्ये स्वीडिश तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले, आणि जालंधर हे हातहत्यारांचे मोठे केंद्र आहे. चाकांची ट्रॉली हा मात्र बहुतेक ठिकाणी पत्र्याच्या कामाचा विषय आहे, आणि त्यामुळे जवळचा फॅब्रिकेटर हा खरा पर्याय ठरतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी तर पाव किलोमीटरच्या आत पत्रा कापणारा, वाकवणारा आणि वेल्ड करणारा सापडतो.

करवून घेतलेल्या ट्रॉलीची उंची, रुंदी आणि खणांची खोली आपल्या कामाप्रमाणे मिळते, जुन्या लिफ्टच्या दोन खांबांमधून ती जाईल हे पाहता येते, आणि काही मोडले तर त्याच दारात दुरुस्ती होते. तयार ट्रॉलीत खणांची अचूकता, कुलूप, रंगाचा दर्जा आणि सुटे भाग यांची खात्री जास्त असते. फॅब्रिकेटरच्या कामातली नेहमीची कमजोरी म्हणजे अँगलचा अतिजड सांगाडा, न घासलेल्या वेल्डच्या कडा आणि वजनाला न पुरणारी चाके. तयार मालातली कमजोरी म्हणजे जाहिरातीतला भाराचा आकडा. तो एका खणाचा की पूर्ण ट्रॉलीचा, उभ्या स्थितीतला की ढकलतानाचा, हे बऱ्याचदा लिहिलेले नसते. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे. करवून घ्यायची तर चाके आणि पट्ट्या आपण विकत आणून द्याव्यात, हा सल्ला दोन्हीकडचे लोक देतात.

कुणाची ट्रॉली, कुणाची जबाबदारी

हा या विषयातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. एका बाजूला माणसागणिक एक ट्रॉली असावी असे मानणारे आहेत. ज्याच्या हाती ट्रॉली, त्याने संध्याकाळी मोजून द्यायची. त्यामुळे ‘माझे कुणी नेले’ हा रोजचा वाद मिटतो. दुसऱ्या बाजूला दोन मोठ्या सामायिक ट्रॉली पुरे, असे म्हणणारे आहेत. चार संचांचा खर्च लहान मालकाला झेपत नाही, आणि टॉर्क रेंचसारखे महागडे हत्यार एकच असते.

हरवणाऱ्या हत्यारांत दहाची गोटी सर्वत्र पहिली असते. छोटी, सतत लागणारी, इंजिनाच्या फटीत पडणारी. ती नुसती हरवली तर नुकसान थोडे. पण विसरलेला पाना बेल्टजवळ राहून गाडी बाहेर पडली तर प्रश्न गिऱ्हाइकाच्या सुरक्षेचा होतो. विमानांच्या देखभालीत याच कारणासाठी प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा कापलेला फोम खणात बसवतात, रिकामा खाचा दिसला की विमान सोडत नाहीत. गॅरेजातही दोन रंगांचा फोम वापरला जाऊ लागला आहे. हत्यार उचलले की खालचा पिवळा किंवा लाल रंग दिसतो. आक्षेप दोन आहेत. साधा फोम तेल-पेट्रोलने खराब होतो, आणि नवे हत्यार आले की खाचे पुन्हा कापावे लागतात.

हरवलेल्या हत्याराचे पैसे पगारातून कापावेत का, यावर मालक आणि कामगार यांचे म्हणणे सरळ वेगळे आहे. मालक म्हणतात, त्याशिवाय काळजी घेतली जात नाही. कामगार म्हणतात, ज्या ट्रॉलीत पाच जण हात घालतात तिची भरपाई एकाने का द्यावी. दुसरे म्हणणे न्यायाचे आहे, पण ते पहिल्याला पूर्ण रद्द करत नाही. जबाबदारी टाकायची तर आधी ताबा द्यावा लागतो, म्हणजे कुलूप आणि यादी एकाच माणसाकडे हवी. हे मान्य केले तर ट्रॉलींची संख्या आणि कुलपाचा प्रकार हे मुद्दे खरेदीच्या आधीच ठरवावे लागतात.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे बदललेला प्रश्न

इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटऱ्या साधारण ४८ ते ७२ व्होल्टच्या असतात, चारचाकींत मात्र व्होल्टेज शेकड्यांत जाते आणि त्याच्या केबली नारंगी रंगाच्या असतात. त्या कामासाठी आयईसी ६०९०० या मानकाची, १००० व्होल्टचे चिन्ह असलेली इन्सुलेटेड हत्यारे लागतात. ती साध्या पान्यांच्या ढिगात टाकली तर वरचे आवरण खरचटते आणि हत्याराचा भरवसा संपतो. म्हणून त्यांना स्वतंत्र खण हवा की स्वतंत्र ट्रॉली, यावर मते विभागलेली आहेत. महिन्याला एखादीच अशी गाडी येणाऱ्या गॅरेजाला कुलूपबंद खण आणि वरच्या ट्रेवर रबरी मॅट पुरेशी वाटते. प्रशिक्षण देणारे मात्र वेगळ्या ट्रॉलीचा आग्रह धरतात, कारण घाईत हात चुकीच्या खणात जातो. या कामासाठी प्रशिक्षित माणूसच हवा, यावर मात्र दोन्ही बाजू ठाम आहेत.

काय सुटलेले नाही, आणि काय ठरवता येते

तीन प्रश्न अजून उघडे आहेत. भाराचे आकडे सांगण्याची एकसारखी पद्धत नसल्यामुळे दोन ट्रॉलींची कागदावर तुलना होत नाही. हत्यारांची मालकी आणि भरपाई यांची सर्वमान्य रीत आपल्या गॅरेजांत बसलेली नाही. आणि आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडमधून शिकून आलेला मुलगा आणि लहानपणापासून गॅरेजात वाढलेला मेस्त्री यांच्या मांडणीच्या सवयी वेगळ्या असतात. एकाच ट्रॉलीत त्या कशा बसवायच्या, हे प्रत्येक गॅरेजाला स्वतः शोधावे लागते.

तरीही या साऱ्या चर्चेतून निर्णयाचा एक क्रम पुढे येतो. आधी फरशी पाहावी आणि चाके ठरवावीत. मग ट्रॉलीचा ताबा कुणाकडे असणार ते ठरवून संख्या आणि कुलूप ठरवावे. मग रोजच्या हत्यारांचे वजन करून, ती जमिनीवर मांडून खणांची खोली मोजावी. रंग, ब्रँड आणि खणांची संख्या यांचा नंबर शेवटी. हा क्रम उलटा झाला की चांगली ट्रॉलीही वाया जाते. तो पाळला तर साधी, फॅब्रिकेटरने बनवलेली ट्रॉलीही वर्षानुवर्षे चोख काम देते. आणि मोजमाप घेताना दिवसभर ती ढकलणाऱ्या हेल्परला आणि मेस्त्रीला शेजारी उभे करून त्यांचे मत विचारावे, कारण ती सोयीची आहे की नाही हे त्यांच्याइतके अचूक दुसरे कुणी सांगू शकत नाही.